दार उघडलं की माणूस दिसावं

मालेगाव (जहाँगीर)
रविवार, दि. १८ मे २०२५

तीर्थरूप याडीस,
सून अंजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आधी दोन शब्द अंगणवाडीच्या सुकेशनीताईंना, कारण पत्र त्याच वाचून दाखवणार. ताई, जयभीम. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई, हे तुम्हाला तांड्यावर इतकी वर्षं काढल्यावर सांगायला नको. पत्र लांब आहे, आधी पाणी पिऊन घ्या. आणि एक विनंती आहे. मध्ये कुठं वाचायला जड गेलं तर तेवढं गाळू नका. जसं लिहिलंय तसं वाचा.

याडी, आम्ही दोघं बरे आहोत. ऊन म्हणाल तर पंखासुद्धा गरम हवा फेकतो. करणची ड्युटी तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात लाईनमनला खांबावरून उतरायला सवड नसते. तुमचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली असं कळलं. पाठ झाली की बोकड?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही "हाव", "बरं" आणि "ठेवतो आता" याच्या पुढं जात नाही, आणि मला सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही.

पहिली बातमी, आम्ही घर बदललं. गुलमोहर लेआउटच्या घरमालकानं मुलाचं लग्न ठरल्यामुळं घर खाली करायला सांगितलं. तीन वर्षं त्या लेआउटमध्ये राहिले, पण गुलमोहराचं झाड काही मला दिसलं नाही. नाव ठेवणाऱ्यानं तरी कुठं पाहिलं असेल देव जाणे.

करण म्हणाला, "मले फक्त गाडी ठेवाले जागा पाह्यजे. बाकी तू पाह्य." नवऱ्यांनी असं म्हटलं की समजावं, नंतर नावं ठेवायचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. महिनाभर आयटीआय सुटलं की मी घरं बघत हिंडत होते. शिवण शिकवणाऱ्या बाईला माप घेतल्याशिवाय काही पसंत पडत नाही, हे तुम्ही जाणताच.

पहिलं घर वाशिम रोडला, आणखी एका नव्या लेआउटमध्ये. फरशी अशी की तोंड बघून केस विंचरावेत. पण कोथिंबीर आणायची तर गाडी काढा. दुसरं बसस्टँडच्या मागं. तिथं दिवसभर भोंग्यावर गाड्या पुकारत होते आणि घर दाखवणारी बाई बोलता बोलता मध्येच थांबायची, पुकारा संपला की तिथूनच पुढं बोलायची. तिसऱ्या घरमालकानं आम्ही कुठले ते विचारलं. किन्हीराजाजवळचा तांडा म्हटल्यावर म्हणाला, "इचार करून सांगतो." अजून विचार चाललाय त्याचा. चौथ्या ठिकाणी मालकीणबाईंनी नियमच वाचून दाखवले, मासळी तळायची नाही, पाहुणे आठनंतर नाहीत, जिन्यात बसायचं नाही. जिन्यात बसायचं नाही म्हटल्यावर मी चप्पल घातली.

पाचवं घर मनियार गल्लीत, चौकापासून चालत पाच मिनिटं. करणच्या सोबतच्यांनी त्याला विचारलंच, "तिकडं कायले जाता बे? सगळी मुसलमानाईची वस्ती." करण घरी येऊन तेच मला म्हणाला. मी म्हटलं, "ज्यानं इचार करून सांगतो म्हटलं, तो कोणत्या वस्तीतला होता?"  दोन दिवसांनी तो स्वतःच टेम्पो घेऊन आला.

ही गल्ली तुम्हाला कशी सांगू! नाव मनियारांचं, पण बांगड्यांची दुकानं आता दोनच उरलीत. बाकी एक सायकलवाला, एक रंगारी, एक जैन काकांचं किराणा दुकान, आणि आमचे घरमालक बदरुद्दीन चाचा, गादीवाले. पुढं त्यांचं घर आणि कापूस पिंजायची मशीन, मागच्या दोन खोल्या आमच्या. दोन्हींच्या मधून बोळ जातो तो थेट गल्लीवरच्या ओट्यावर निघतो. कापसाची रुई सगळीकडं उडते. सकाळी वेणी घालताना माझ्या केसांतून निघते, वरणातसुद्धा निघते. करण म्हणतो, "थंडीत स्वेटर घ्यायचं काम नाही, आतून भरून राह्यलो आपण."

पण याडी, एवढ्याशा गल्लीत किती शहाणपण आहे! भाजीवाली दारात येते आणि टोपलीत कालची भेंडी उरली असली तर स्वतःच सांगते की बाई ही नको घेऊ. माझ्या सायकलवरून उतरण्यावरून सायकलवाल्यानं ओळखलं की ब्रेक ढिला झालाय, आणि न विचारता आवळून दिला. इथं कोणी पाच मिनिटांच्या कामाला बाहेर पडलं तरी समोरच्या ओट्याकडं बघून सांगून जातं. "जरा जाऊन येतो, घराकडं पाह्यजा." दिवसाढवळ्या कोणी कुलूप लावत नाही, नुसती कडी ओढतात. पहिले आठ दिवस मला हे सगळं नाटक वाटलं. मग कळलं, ही माणसं अशीच आहेत.

आता दादीअम्माचं सांगते. त्या बदरुद्दीन चाचांच्या आई, वय नव्वदीच्या घरात. सगळं विसरतात. मुलाला कधी भाऊ म्हणतात, कधी ओळखतच नाहीत. पण पाय खणखणीत. सकाळी एकदा ओट्यावर आल्या की निघाल्याच. कधी किराणा दुकानात पोत्यावर बसतील, कधी सायकलवाल्याच्या बाकावर, कधी सरळ चौकात. कोणी त्यांना ओढून घरी आणत नाही. जिथं जातील तिथला माणूस त्यांना बसायला देतो आणि मोठ्यानं सांगतो, "अम्मा हमारे पास है!" तो आवाज एका दारातून दुसऱ्या दारात करत घरापर्यंत येतो, आणि चाचांची बायको बिस्मिल्ला चाची आतून पोळ्या लाटता लाटता म्हणते, "अच्छा!" दिवसातून दहा वेळा तरी हे चालतं.

चहाचंही तसंच. अम्मांना साखरेचा आजार, आणि चहा प्याल्याचं त्या विसरतात. म्हणून गल्लीत रीत आहे की जो सकाळचा चहा पाजेल त्यानं ओरडून सांगायचं, "अम्मा की चाय हो गई!" मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी कौतुकानं त्यांना चहा पाजला आणि गप्प बसले. त्या दिवशी अम्मांचे चार चहा झाले. चाचीनं मला अशी झापली! "अवं बाई, पुण्य का चोरून करतेस? अम्माले चहा पाजला तं वरडून सांगा लागते!" सगळी गल्ली हसली. आता मी असं ओरडते की चौकातला रिक्षावाला वळून बघतो.

याडी, इथपर्यंत हसत वाचलं असेल ताईंनी. आता पुढचं लिहायच्या आधी मी दोनदा उठून आले.

मागच्या सोमवारी मला आयटीआयला जायला उशीर झाला होता. मुलींची परीक्षा होती. मी डबा घेतला, दार ओढलं आणि लेआउटची सवय, हातानं आपोआप कुलूप घातलं. दादीअम्मा बोळातून आत येऊन आमच्या आतल्या खोलीतल्या खाटेवर आडव्या झाल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

अकराच्या सुमाराला गल्लीत शोधाशोध सुरू झाली. कोणीच "हमारे पास है" म्हणेना. चाचा मशीन बंद करून चौकात धावले, किराणावाले काका दुकान उघडं टाकून बसस्टँडवर गेले. मला फोन आला बारा वाजता, आमच्या दाराआडून आवाज येतोय म्हणून. मी सायकल दामटत आले. चाचीनं किल्ली माझ्या हातातून घेतली आणि कुलूप उघडलं.

अम्मा दाराला लागून जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, ओढणी नीट सावरलेली. मला बघून म्हणाल्या, "बेटी, मैंने कुछ छुआ नहीं."

नव्वद वर्षांची बाई. कोणी कोंडलं की माणसाला पहिलं हेच वाटतं, की आपल्या हातून काही गुन्हा झाला असेल.

 चाचीनं अम्मांना पाणी दिलं, मला दिलं. मी मात्र ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. चाची म्हणाली, "आता रडून कायले राह्यली? सापडली ना अम्मा? चुकून झालं, होते असं." मी म्हटलं, "चाची, मी पहिल्यांदा नाही कोंडलं कोणाला. पहिल्या वेळी चुकून नव्हतं."

मग मी तिला सांगितलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये, बापूंना जाऊन वर्ष झालं तेव्हा, करण तुम्हाला गुलमोहर लेआउटला घेऊन आला. याडी एकटी तांड्यावर नको म्हणाला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही फिरायला निघालात आणि सगळी घरं सारखी म्हणून वाट चुकलात. एका शाळेच्या रिक्षानं जोरात ब्रेक मारला. तिसऱ्या दिवसापासून मी कामावर जाताना फाटकाला बाहेरून कुलूप लावायला लागले. दहा ते पाच, करणला न सांगता. तुम्हाला म्हटलं, "याडी, गाड्यांची भीती आहे, तुमच्याच भल्यासाठी." तुम्ही "हाव" म्हणालात.

चाचीला मी एवढंच सांगितलं होतं. तुम्हाला त्याच्या पुढचं सांगते.

गाड्यांची भीती होती, पण अर्धीच. पलीकडच्या इंजिनीअरच्या बाईनं मला दारात गाठून विचारलं होतं, "तुमच्याकडे कोण आलंय हो? ते आरशांचं घालून आमच्या पायरीवर बसलं होतं." बसलं होतं, असं म्हणाली. मी काय म्हणायला हवं होतं? ती माझी सासू आहे, तिच्या घागऱ्यावरचं एकेक टाक्याचं काम तुमच्या अख्ख्या घराच्या पडद्यांहून भारी आहे, असं म्हणायला हवं होतं. मी मुलींना शिवण शिकवते, तो कशिदा काय असतो हे माझ्याइतकं त्या लेआउटमध्ये कोणाला कळत होतं? माझी स्वतःची आई तोच घागरा नेसून ऊसतोडीला गेली आणि त्यावर मी शिकले. आणि मी म्हणाले, "गावाकडून आल्यात, जातील चार दिवसांनी." याडी, मला लाज वाटली होती तुमची. तुम्ही बाहेर दिसू नये म्हणून मी कुलूप लावलं.

रोज संध्याकाळी मी यायचे तेव्हा तुम्ही फाटकाच्या आतल्या पायरीवर बसलेल्या असायचात. मी म्हणायचे, "आत कुलरमध्ये बसायचं ना." तांड्यावर दाराला कुलूप दिसलं की आपण समजतो, हे घर तोडीला गेलं, आत माणूस नाही. मी तांड्याचीच लेक, मला ते कळायला हवं होतं. तुम्ही आत असताना मी त्या घराला माणूस नसल्यासारखं करून जात होते.

आठव्या दिवशी मी आले तर तुम्ही नव्हतात. खाट कुंपणाच्या भिंतीला उभी लावलेली, तिच्यापाशी पालथं घमेलं. माझ्या खांद्याएवढी भिंत, वर काचांचे तुकडे लावलेले. तुमच्या घागऱ्याचा एक आरसा भिंतीखाली पडला होता. तो उचलला, घमेलं सरळ केलं, खाट आत नेली आणि करणला फोन केला. म्हटलं, फाटक उघडंच होतं. म्हटलं, सकाळपासून भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरत होत्या, रागानं गेल्या असतील.

भाजीत मीठ बरोबर होतं. तुम्ही कधीच कुरकुर केली नव्हती.

करणनं तांड्यावर फोन करून तुम्ही पोचलात का तेवढं विचारलं आणि ठेवून दिला. "लोकाईसमोर माही इज्जत घालवली तिनं," असं म्हणाला. दोन होळ्या गेल्या, तो तांड्यावर आला नाही. मी दोन्ही होळ्यांना पुरणाच्या पोळ्या केल्या आणि गप्प बसले.

आणि तुम्ही काय केलंत? मी वाट बघत होते, आज करणला कळेल, उद्या कळेल. मग दिवाळीच्या बाजारात सुकेशनीताई भेटल्या. ताई, तुम्ही मला काय सांगितलंत आठवतं का? म्हणालात, "ललिताबाई सगळ्याईले सांगते, सुनेनं मले लय चांगलं ठेवलं, मलेच शहर मानवलं नाही." तांड्यातल्या बाया तुम्हाला हेकट म्हणत होत्या, पोराच्या घरी आठ दिवस निघाले नाहीत म्हणून बोलत होत्या. ते सगळं अंगावर घेऊन तुम्ही माझा संसार झाकलात. दुसरी कोणी असती तर पहिल्याच दिवशी तांडा डोक्यावर घेतला असता. मी त्या दिवशी बाजारातून भाजी न घेताच घरी आले, पण तोंड तेव्हाही उघडलं नाही. तुमच्यासारखी बाई मी पाहिली नाही याडी, आणि तुमच्याइतकं मोठं मन मला या जन्मी तरी जमणार नाही.

आता खरं सांगते, मी घरं बघत हिंडत होते तेव्हा मनात माप तुमचंच होतं. दार उघडलं की माणूस दिसावं. पायरीवर बसलं तर कोणी "बसलं होतं" म्हणू नये. पण हे मी स्वतःलाही सांगत नव्हते. बाजार जवळ, आयटीआय जवळ, असंच म्हणत होते.

त्या सोमवारी चाचीनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले काय सांगून राह्यली? म्या माफ करून काय फायदा? ज्याईले सांगाचं त्याईले सांग." आणि उठून अम्मांचं जेवण वाढायला गेली.

संध्याकाळी करण कामावरून आला. बूट काढत होता तेव्हाच सांगितलं, नाहीतर जेवण, मग टीव्ही, मग उद्या, असं झालं असतं. त्यानं काढलेला बूट परत घातला आणि बाहेर गेला. चाचांच्या दुकानात कापसाच्या ढिगापाशी बसून राहिला. चाचांनी मशीन बंद ठेवली. परत आला तेव्हा डोक्यावर सगळी रुई होती. मला वाटलं आता ओरडेल, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "भिंत केवढी होती?" मी हात खांद्यापाशी धरून दाखवला. तो म्हणाला, "तिच्यानं तं मांडीबी घालवत नाही." आणि तोंडावर टॉवेल घेऊन बसला.  चौथ्या दिवशी म्हणाला, तांड्यावर जायचं.

म्हणून हे पत्र आधी. आपल्या तांड्याची रीत तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली होती. ज्याची चूक त्यानं नायकाच्या दारासमोर, सगळ्यांच्या देखत, आपल्याच तोंडानं बोलायचं. दुसऱ्याकडून निरोप धाडला तर ते धरत नाहीत. येत्या रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं आम्ही किन्हीराजाला उतरू. भाऊसिंग नायकांना करणनं कळवलंय. तोडीची माणसं परत आलीत, सगळा तांडा असेल. जे वर लिहिलंय ते सगळं, त्या आरशांच्या बोलण्यासकट, मी उभी राहून सांगणार आहे. तुमच्या नावाला जो बोल लागला तो माझ्यामुळं, हे बायांना माझ्याच तोंडून कळायला हवं. तुम्हाला त्या दिवशी तिथं यावंसं वाटलं नाही तर येऊ नका. घरात बसून राहिलात तरी मी बोलणारच.

मनियार गल्लीला राहायला चला, असं मी या पत्रात म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मला नाही. पुढं कधी तुम्हाला वाटलं तर बिस्मिल्ला चाचीनं आपणहून निरोप दिलाय, "तुही सासू आली तं अम्माले जोडीदार भेटते. पण दोघींचे चहा कोण मोजन मंग?"

सुकेशनीताई, तुमचे उपकार कसे फेडू. सगळं वाचलंत ना?

याडी, तब्येतीला जपा. उन्हात शेळ्यांमागं फिरू नका.

तुमच्या चांगुलपणाआड चौदा महिने लपून राहिलेली,
तुमची सून
अंजू

(खालच्या दोन ओळी करणनं स्वतः लिहिल्या आहेत. मी सांगितलं नव्हतं.)

याडी, अंजूनं कुलूप लावलं हे तं तिनं लिवलं. म्या तुले चौदा महिन्यात एकडाव इचारलंबी नाही, का तू काहून गेली.
— करण